वर्डचं 'रीड अलाउड' आणि इंग्रजी प्रूफ: वर्षभराच्या वापरानंतर

इंग्रजी मजकूर तपासायला वर्डमधलं 'रीड अलाउड' वापरायला लागून आता वर्ष होत आलं. आधीच सांगते, हे व्याकरण शिकवणारं साधन नाही. ते लाल-निळ्या रेघा ओढत नाही आणि सूचनाही देत नाही. समोर जे आहे ते मोठ्याने वाचतं, तेही अर्थाशी काही देणंघेणं न ठेवता. माझ्या दृष्टीने त्याचा सगळा उपयोग इथेच आहे. आपलंच लिहिलेलं आपण वाचतो तेव्हा गळालेला शब्द डोळा परस्पर भरून टाकतो. यंत्राला ती सवय नाही.

माझं काम म्हणजे पाणलोट क्षेत्रात काम करणाऱ्या एका संस्थेचे इंग्रजी अहवाल. गावातले कार्यकर्ते मराठीत टिपणं पाठवतात, त्यावरून इंग्रजी मसुदा तयार होतो आणि देणगीदारांकडे जाण्याआधीचं शेवटचं प्रूफ माझ्याकडे येतं. शिवाय ओळखीतल्यांचे शोधनिबंध असतातच, 'जरा नजर टाक गं' म्हणून पाठवलेले. जरा म्हणजे दीडेकशे पानं.

वापरायला सोपं आहे. रिव्ह्यू टॅबमध्ये बटण आहे, नाहीतर कंट्रोल, ऑल्ट आणि स्पेस एकदम दाबायचं. वाचला जाणारा शब्द पडद्यावर उजळत जातो. ऑल्ट धरून डावा बाण दाबला की वेग कमी होतो, उजवा दाबला की वाढतो. सुरुवातीला मी वेग वाढवून ऐकायचे, कारण काम उरकायची घाई. त्यात कान वाक्याच्या अर्थामागे धावतो आणि शब्द निसटतात. आता सावकाश, अगदी कंटाळा येईल इतक्या सावकाश ऐकते. हेडफोन हवाच, शेजारच्या टेबलावर कुणी फोनवर बोलत असेल तर उपयोग शून्य.

सर्वांत मोठा फायदा 'अ', 'अॅन' आणि 'द' यांच्या बाबतीत झाला. मराठीत ही उपपदं नाहीत, त्यामुळे आपल्या इंग्रजीतून ती गळतात ते आपल्याला जाणवतही नाही. 'इन व्हिलेज वुई रिपेअर्ड टँक' हे वाक्य कागदावर आपल्या डोळ्यांना खटकत नाही. यंत्राच्या सपाट आवाजात ऐकलं की रस्त्यात खड्डा लागावा तसा कान अडखळतो. 'एनजीओ'च्या आधी 'अॅन' आणि 'युनिट'च्या आधी 'अ', हा नियम मुळातच उच्चाराचा आहे, स्पेलिंगचा नाही. तिथे कान डोळ्यापेक्षा केव्हाही भरवशाचा. 'अ नंबर ऑफ वेल्स हॅव' पण 'द नंबर ऑफ वेल्स हॅज' हा घोळही ऐकता ऐकता पकडता यायला लागला, अर्थात नियम आधी माहीत होता म्हणून. नियमच ठाऊक नसेल तर कितीही ऐका, चुकीचं वाक्यही बरोबरच वाटणार.

दोनदा पडलेले शब्द, विशेषतः एका ओळीच्या शेवटी आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आलेला 'द', लगेच ऐकू येतात. 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' झालेलं असेल तर स्पेलचेक गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. कान गप्प बसत नाही.

आता जिथे कान कुचकामी ठरतो ते. 'प्रिन्सिपल'च्या शेवटी ए-एल आहे की एल-ई, 'इट्स'मध्ये वरचा स्वल्पविराम हवा की नको, 'देअर'च्या तीन स्पेलिंगांपैकी कोणतं, हे ऐकून कधीच कळणार नाही. कॅपिटल अक्षरांचंही तेच. विरामचिन्हांचं दुखणं तर आणखी खोल आहे. मराठीत आपण तीन छोटी वाक्यं स्वल्पविरामांनी सहज जोडतो आणि ती छान वाहतात. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं ही ठसठशीत चूक मानतात. तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा एखादं उभयान्वयी अव्यय लागतं. आमच्या मसुद्यांत ही चूक पानोपानी असते आणि आवाज ती गोड करून वाचतो. म्हणून विरामचिन्हांसाठी वेगळी फेरी करते: कागदावर छापून, ओळीखाली पट्टी धरून, आवाज बंद. त्या फेरीत दुसरं काहीही पाहत नाही. सगळ्या प्रकारच्या चुका एकाच वाचनात शोधायच्या हा अट्टहास सोडला, इतकाच काय तो बदल. पण वर्षभरात माझं प्रूफ सुधारलं असेल तर त्यानेच.

आकडे आणि नावांसाठी मी यंत्र वापरतच नाही. जुन्या छापखान्यांत मुद्रितशोधकाजवळ एक जण मूळ प्रत घेऊन बसायचा आणि कॉमा-फुलस्टॉपसकट मोठ्याने वाचायचा, दुसरा प्रुफावर नजर ठेवायचा. तक्त्यांसाठी आम्ही अजून तेच करतो. सहकारी मूळ नोंदवहीतून वाचतो, मी छापील आकडा पाहते. 'एक लाख'चा स्वल्पविराम भारतीय पद्धतीने की परदेशी देणगीदाराच्या, हे अहवालाच्या सुरुवातीलाच ठरवून एका कागदावर लिहून ठेवायचं. 'ऑर्गनाइझ'मध्ये एस की झेड हेही त्याच कागदावर. दोन्ही चालतात, ऑक्सफर्डवाले तर झेडच वापरतात. पण एकाच अहवालात दोन्ही नकोत. नावांच्या बाबतीत एका अक्षराने काय होतं याचं उदाहरण नवीन मुलांना मी हमखास सांगते. २००९मध्ये ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाने 'टेलर अँड सन' ही कंपनी गुंडाळल्याची नोंद चुकून कार्डिफच्या 'टेलर अँड सन्स' या जुन्या कंपनीच्या नावावर केली. धडधाकट चाललेली ती कंपनी त्या बातमीनेच बुडाली. २०१५मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्या कार्यालयाला जबाबदार धरलं. असं 'एस' कुठलंही सॉफ्टवेअर पकडणार नाही, कारण दोन्ही नावं बरोबरच होती.

मधल्या काळात वर्गणी भरून एक ऑनलाइन तपासनीसही वापरून पाहिला. नाव घेत नाही. साध्या चुका त्याने भराभर दाखवल्या, हे मान्य. पण 'बांध दुरुस्त करण्यात आला' अशा प्रत्येक कर्मणी वाक्याला त्याची हरकत. अहवालात बांध महत्त्वाचा असतो, तो कुणी दुरुस्त केला हे दर वेळी सांगायचं नसतं. त्याच्या सूचना डोळे मिटून स्वीकारत गेलं की सगळे अहवाल एकाच माणसाने लिहिल्यासारखे दिसायला लागतात. आणि लाभार्थ्यांची नावं, आजारपणं, कर्जं असलेला मजकूर परक्या सर्व्हरवर चढवणं मला पटलं नाही. वर्गणी पुढे चालू ठेवली नाही.

डीटीपी झाल्यावरच्या पीडीएफसाठी मात्र एज ब्राउझर उघडते. तिथे कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबलं की वाचन सुरू होतं, आणि नीरजा आणि प्रभात हे भारतीय इंग्रजीचे आवाज मिळतात. गावांची नावं ऐकताना ते त्यातल्या त्यात बरे. पानं लावताना एखादा परिच्छेद कापला जातो किंवा तक्त्याची ओळ उडते, त्यामुळे वर्डमध्ये ऐकलं असलं तरी पीडीएफ पुन्हा ऐकावी लागते.

वर्डच्या दोन सेटिंग्ज आधीच माहीत असत्या तर बरीच वणवण वाचली असती. एक, ऑप्शन्समधल्या प्रूफिंगमध्ये 'सगळी अक्षरं कॅपिटल असलेले शब्द सोडून द्या' ही खूण आधीपासूनच केलेली असू शकते. म्हणजे ठळक कॅपिटल मथळे, जे सगळ्यात आधी वाचले जातात, तेच तपासले जात नाहीत. ती खूण काढा.

दुसरी फारशी कुणाला ठाऊक नसते. 'मॅनेजर'मधला दुसरा ए गळाला तर जो शब्द उरतो त्याचा अर्थ गुरांची गव्हाण. तोही खरा शब्द, म्हणून स्पेलचेक त्याला हात लावत नाही. 'पब्लिक'मधला एल गळाल्यावर काय उरतं ते इथे लिहायची सोय नाही. अशा शब्दांसाठी वर्डकडे बरोबर शब्दांच्या यादीतून वगळायच्या शब्दांची एक फाइल असते: अॅपडेटा, मग रोमिंग, मग मायक्रोसॉफ्ट, मग यूप्रूफ या फोल्डरमध्ये. फाइलच्या नावात 'एक्सक्लूड डिक्शनरी' आणि भाषेचा क्रमांक असतो, अमेरिकन इंग्रजीसाठी ०४०९, ब्रिटिशसाठी ०८०९, भारतीयसाठी ४००९. तुमच्या मजकुराची भाषा जी ठेवली असेल तिचीच फाइल नोटपॅडमध्ये उघडा, एका ओळीवर एक शब्द लहान लिपीत लिहा, सेव्ह करा आणि वर्ड बंद करून पुन्हा सुरू करा. यापुढे ते शब्द लाल होतील. संगणक बदलताना ही फाइल आठवणीने सोबत घ्या, नव्यावर ती रिकामीच असते.