ड्रोनच्या फीडवर टार्गेट ओळखणारं एआय सॉफ्टवेअर : तीन आठवडे वापरून काय वाटलं

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण ट्रायल अजून चालू आहे आणि तक्रारी त्यांना लेखी दिल्यात. पण अशी सॉफ्टवेअर आता बऱ्याच सैन्यदलांत घेतली जातायत आणि विकणाऱ्यांचे व्हिडिओ सोडले तर वापरणाऱ्याचं मत कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. माझी बरीच वर्षं ऑब्झर्वेशन पोस्टवर दुर्बिणीला डोळे लावून गेली, आता नवीन पोरांना ट्रेनिंग देतो, त्यामुळे जे लिहितोय ते त्या बाजूने.

वस्तू साधी आहे. छोट्या ड्रोनचा व्हिडिओ टॅबवर येतो, टॅबमध्येच मॉडेल चालतं आणि ट्रक, तोफ, माणूस असं काही सापडलं की त्याच्याभोवती चौकट येते, बाजूला नाव आणि टक्के. नेट लागत नाही, आणि हा मोठा प्लस पॉइंट आहे, कारण जॅमिंग (शत्रूने रेडिओ सिग्नल दाबणं) सुरू झालं की लांबच्या सर्व्हरवर चालणारं काहीही कामाचं राहत नाही.

आधी चांगलं सांगतो. रात्री थर्मल कॅमेऱ्याच्या (उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या) स्क्रीनसमोर दोन-अडीच तास बसलं की डोळे उघडे असतात पण माणूस बघत काहीच नसतो, हे ज्याने केलंय त्याला विचारा. अमेरिकेने २०१७ मध्ये प्रोजेक्ट मेव्हन सुरू केला तोही याच कारणासाठी, ड्रोनचं फुटेज इतकं साठत होतं की ते बघायला माणसंच पुरत नव्हती. इथे हे सॉफ्टवेअर खरंच कमाल करतं. एका सरावात आम्ही झाडीच्या कडेला कॅमफ्लाज नेटखाली ट्रक लपवला होता, मी स्वतः फीड बघत होतो आणि मला तो दिसला नाही, चौकट आली तेव्हा आधी वाटलं चुकलंय. मग फ्रेम थांबवून झूम केलं तर नेट एका कोपऱ्यात वर उचललं गेलं होतं आणि त्याखालून मागच्या टायरचा जेमतेम अर्धा गोल दिसत होता. सॉफ्टवेअर थकत नाही, कंटाळत नाही आणि पहाटे चारलाही तेवढंच सावध असतं. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा ते घ्यावं असं माझं मत आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. दुसऱ्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला एक ट्रॅक्टर उभा होता, मागे ट्रॉली, ट्रॉलीत पाण्याचा लांब पाइप आडवा टाकलेला आणि त्याचं टोक मागे बाहेर आलेलं. चौकट आली, ‘तोफ ९२%’. ऑपरेटर पोरगा हुशार आहे, बॅचमधला चांगला, पण त्याचा अंगठा सरळ कन्फर्मच्या बटणाकडे गेला. मी थांबवलं, विचारलं तुला स्वतःला काय दिसतंय, तर म्हणतो, "सर, ९२ दाखवतंय ना."

यात पोराला दोष देऊन चालणार नाही, कारण स्क्रीन बनवलीच तशी आहे. कन्फर्म म्हणजे मोठं हिरवं बटण, अंगठ्याखाली येईल असं. नाकारायचं असेल तर वर तीन टिंबांचा मेनू उघडा, त्यात ‘चुकीची ओळख’ शोधा, मग कारण निवडा, आणि तोपर्यंत ड्रोन पुढे सरकलेला असतो. म्हणजे हो म्हणायला एक टॅप आणि नाही म्हणायला तीन. दमलेला माणूस काय करेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि ते ९२ म्हणजे शंभरात ब्याण्णव वेळा बरोबर असंही नाही, पोरांना हे समजावताना माझा अख्खा दिवस गेला. मॉडेलला जेवढी नावं शिकवलीत त्यातलं कोणतं जास्त जुळतंय याचा तो आकडा. पाइप लादलेली ट्रॉली त्याने ट्रेनिंगमध्ये कधी पाहिलीच नसेल तर ते ‘माहीत नाही’ म्हणत नाही, जवळचं एखादं नाव चिकटवतं आणि वर पूर्ण आत्मविश्वासाने. हा प्रकार आजचा नाही. २३ मार्च २००३ ला इराक युद्धात अमेरिकेच्या पेट्रियट या हवाई संरक्षण मिसाइल सिस्टिमने परत येणाऱ्या ब्रिटिश टोर्नेडो विमानाला शत्रूचं अँटी-रेडिएशन मिसाइल (रडारवर येऊन आदळणारं) समजलं, पेट्रियटच्या क्रूने ते मान्य करून मिसाइल सोडलं आणि विमानातले दोघेही गेले. तिथेही माणूस होताच. नुसता माणूस बसवून भागत नाही, त्याला नाही म्हणायला वेळ आणि सोय लागते.

दुसरी मोठी तक्रार, टॅब सलग खूप वेळ चालवला की तापतो आणि चौकट गाडीच्या मागे पडायला लागते, गाडी पुढे गेलेली आणि चौकट रिकाम्या रस्त्यावर. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय तर ‘अधूनमधून रीस्टार्ट करावे’. अधूनमधून म्हणजे किती तासांनी? हे वाचून मला धडकीच भरली, कारण १९९१ च्या आखाती युद्धात अगदी हेच झालेलं. पेट्रियटच्या घड्याळात बारीक चूक साठत जायची, खूप वेळ चालवू नका असा मेसेज युनिट्सना गेला होता, पण खूप म्हणजे किती हे त्यात नव्हतं. सौदी अरेबियातल्या धाहरानची पेट्रियट बॅटरी (म्हणजे तिथली तुकडी) १०० तासांच्या वर सलग चालू राहिली, वेळेतला फरक साधारण एक तृतीयांश सेकंदाचा झाला, २५ फेब्रुवारीला येणारं इराकी स्कड मिसाइल तिला पकडता आलं नाही आणि बराकीत २८ सैनिक मेले. दुरुस्त सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं. तर कंपनीवाल्यांनो, मॅन्युअलमध्ये तास लिहा, आकड्यात लिहा आणि ती वेळ झाली की स्क्रीनवर वॉर्निंग द्या.

बाकी किरकोळ : हातमोजे घालून टच चालत नाही, लेन्सवर पावसाचे थेंब आले की चौकटी कुठेही उगवतात, टॅबची बॅटरी ठीक.

लॉग मात्र किरकोळ नाही. कुणी काय कन्फर्म केलं ते साठतं, पण त्या क्षणी त्याच्या समोरची फ्रेम काय होती, टक्के किती होते, मॉडेलचं व्हर्जन कोणतं होतं, यातलं काही नाही. मध्ये एका रात्री अपडेट आलं आणि सकाळी त्याच फुटेजवर वेगळे रिझल्ट, म्हणजे आधीच्या आठवड्याच्या आमच्या टेस्ट वाया. उद्या काही चुकलं आणि चौकशी बसली तर त्या पोराकडे दाखवायला काय असेल?

सपोर्ट चांगला मिळाला हे प्रामाणिकपणे सांगतो. त्यांची इंजिनिअर मुलगी दोन रात्री आमच्यासोबत बसली, ट्रॅक्टरची फ्रेम तिने स्वतः मागून घेतली आणि उलट आम्हालाच विचारलं की तुम्ही तोफ कशावरून ओळखता.

घ्यावं का? टेहळणीसाठी हो, बिनधास्त. पण यांचं एक जास्तीचं मॉड्यूल आहे, कन्फर्म केलं की कोऑर्डिनेट्स थेट फायर करणाऱ्यांकडे जातात, मध्ये दुसरं कुणी बघत नाही. ते आत्ताच्या स्क्रीनसोबत अजिबात घेऊ नका. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं स्वयंचलित शस्त्रांबद्दलचं २०१२ चं निर्देशपत्र, २०२३ मध्ये सुधारलेलं, तेही बळाचा वापर करताना माणसाला योग्य तो विचार करता आला पाहिजे असंच सांगतं. आणि हिरवं बटण समोर आणि नकार मेनूत असताना तो विचार होत नाही, मी डोळ्यांनी बघितलंय.

तोवर आम्ही आमच्यापुरता एक नियम केलाय. कन्फर्म करण्याआधी ऑपरेटरने टक्के न वाचता स्वतःला काय दिसतंय ते मोठ्याने बोलायचं, चाकं किती, नळी कुठून सुरू होते, आजूबाजूला माणसं काय करतायत. पाच-सात सेकंद जातात. शेवटच्या रात्री त्याच पोराने ७०च्या आसपास दाखवणारी एक चौकट बरोबर पकडली आणि ९५ वाली नाकारली, तीन टॅप करून.

सध्या ५ पैकी ३ स्टार. नकाराचं बटण कन्फर्मच्या शेजारी आणि तेवढंच मोठं आलं, आणि लॉगमध्ये फ्रेम साठायला लागली, की चौथा देईन.