दहावी चांगली, बारावी पडलेली: कॅप की डिप्लोमा?

दहावीला नव्वदच्या घरात आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्सने दगा दिलेला, अशा मार्कशीटा घेऊन नागपुरात इंजिनीअरिंगचं कॉलेज शोधायचं असेल, तर नावांच्या आधी एक गोष्ट बघा: कुठे तुमचा कोणता कागद वाचला जातो. व्हीएनआयटी आणि बुटीबोरीची ट्रिपल आयटी जेईईच्या रँकवर घेतात, पण सोबत बारावीला 75 टक्के (एससी-एसटीला 65) किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. तिथे विषय संपला. बी.एस्सी.ला विज्ञान संस्थेत किंवा हिस्लॉपला जायचं तर पुढे बारावीचाच कागद करावा लागतो, म्हणजे नेमका पडलेला. उरतात दोन वाटा. एक, कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, सरळ बी.टेक. दुसरी, बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. पहिलीला चार वर्षं, दुसरीला दोन अधिक तीन अशी पाच.

कॅपची मोठी सोय ही की मेरिट सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर लागतं, बारावी मुख्यतः पात्रतेपुरती. पण त्या पात्रतेतच मुलं अडकतात. 45 टक्के हवेत ते एकूण नाहीत, तीन विषयांचे हवेत (फिजिक्स, मॅथ्स आणि केमिस्ट्री किंवा नियमात बसणारा दुसरा तिसरा विषय, जसं आयटी): 300 पैकी 135, राखीव प्रवर्गाला 120. समजा इंग्रजी 64, मराठी 91, भूगोल 78, फिजिक्स 42, केमिस्ट्री 47, मॅथ्स 42. एकूण 364, म्हणजे साठ टक्क्यांच्या वर, घरचे निश्चिंत. पण तीन विषयांची बेरीज 131, आणि खुल्या प्रवर्गातला हा मुलगा अपात्र. निकालाच्या दिवशीच ही बेरीज करा. चार-पाच मार्क कमी पडत असतील तर जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला श्रेणीसुधारसाठी बसता येतं, आणि त्याचा फॉर्म निकालानंतर लगेच निघतो. दुसरं, सीईटीच्या 200 पैकी 100 मार्क एकट्या मॅथ्सचे. मॅथ्स कच्चं असेल तर सीईटी वाचवेल ही आशा जपूनच धरावी.

यादी भरताना मागच्या वर्षीचा कट-ऑफ आपल्या प्रवर्गाच्या कोडखालीच बघा. कोडच्या शेवटी एच असेल तर ती आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांची जागा, ओ बाहेरच्यांची, एस राज्यभराची. नागपूरचा मुलगा ओखालचा आकडा बघून खूश होतो आणि फसतो. 2025-26 च्या प्रक्रियेत चार फेऱ्या होत्या आणि जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, होण्याचा नियम असा: पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिले तीन, तिसरीत पहिले सहा, चौथीत मिळेल तो. यातला एखादा लागला आणि घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या सहांत तडजोडीचं कॉलेज एकही नको. आवाक्याबाहेरचं कॉलेज वर लिहिल्याने नुकसान होत नाही; लागलं नाही तर नाही. नुकसान होतं ते तिसऱ्या-चौथ्या नंबरवर ‘असू दे’ म्हणून टाकलेल्या कॉलेजाने. खापरीचं शासकीय अभियांत्रिकी किंवा वानाडोंगरीचं वायसीसीई खरंच हवं असेल तर वर ठेवा, आणि नको असलेली शाखा सातव्याच्या खाली. मॅनेजमेंटच्या जागेवर जाण्याआधी फीचा हिशेब मांडा: राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती कॅपमधून आलेल्यांनाच मिळते.

इथवर कॅपचं पारडं जड वाटतं. वर्ष वाचतं आणि बारावीचा कागद 135 नंतर कोणी उघडत नाही. मला मात्र एक गोष्ट खटकत राहिली, आणि माझं ठरलं ते तिच्यावरच. डिग्रीचं पहिलं वर्ष म्हणजे नव्या पुस्तकातली बारावीच आहे. एम-वन, एम-टू (गणिताचे पहिले दोन पेपर), इंजिनीअरिंग फिजिक्स, केमिस्ट्री. ज्या तीन विषयांनी पाडलं तेच तीन, तीन-चार महिन्यांच्या सेमिस्टरमध्ये कोंबून, नव्या कॉलेजच्या गडबडीत. एम-वनला पार्शल डेरिव्हेटिव्ह सुरू होतात तेव्हा साधं डेरिव्हेटिव्ह येतं असं गृहीत धरलेलं असतं. बारावीत तेच सुटलेलं असेल तर युनिट टेस्टपर्यंत कळतही नाही. बॅक लागतो, म्हणजे विषय राहतो, तो एटीकेटीवर (राहिलेल्या विषयासकट पुढे जाण्याची सवलत) दुसऱ्या वर्षात सोबत येतो, आणि पहिलं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात जाता येत नाही. वाचवलेलं वर्ष तिथे जातं. ज्यांची बारावी अभ्यास न झाल्याने पडली, ते इथे सावरतात. ज्यांची पाया कच्चा असल्याने पडली, ते माझ्या बघण्यात तरी क्वचितच सावरले.

डिप्लोमात पहिलं वर्ष गाळलं जातं, आणि गणिताचा बराच भाग त्याच वर्षात असतो. पुढे प्रॅक्टिकल, टर्मवर्क, रोज थोडं-थोडं काम. हाताने काम करून समजणाऱ्या मुलाला इथे मार्क पडू लागतात. नागपुरात पहिली पसंती अर्थातच सदरचं शासकीय तंत्रनिकेतन. 1914 पासूनची संस्था, आता स्वायत्त, म्हणजे अभ्यासक्रम आणि पेपर स्वतःचे. थेट दुसऱ्या वर्षाचं मेरिट बारावीवरच लागतं हे खरं, पण शासकीय तंत्रनिकेतन सोडलं तर बाकी ठिकाणी फार मारामारी नसते. आणि पुढे डिग्रीला जाताना फक्त डिप्लोमाची टक्केवारी मोजतात. कोरा कागद पुन्हा हातात येतो, तो इथे.

या वाटेलाही काटे आहेत. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात डिप्लोमावाल्यांसाठी मंजूर संख्येच्या 10 टक्के जागा, म्हणजे साठच्या वर्गात सहा, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटरला रिकाम्या जागा जवळजवळ नसतात, त्यामुळे नव्वदीच्या पुढची टक्केवारी लागते. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलला श्वास घ्यायला जागा असते. दुसरा काटा एम-थ्री. एम-वन, एम-टू न करता सरळ लाप्लास आणि फुरियर समोर येतात. डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन आणि साधी डिफरेन्शियल इक्वेशन्स एवढं घोटलं तर लाप्लास जड जात नाही. घाईने नुसती सूत्रं पाठ केली तर जातो. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या दहावी, बारावी, डिप्लोमा असे सगळे रकाने मागतात, तेव्हा बारावी तिथे दोन्ही वाटांनी दिसणारच. त्यात फरक नाही.

एकूण, बारावीत तीन विषयांचे 165-170 असतील आणि सीईटी बरी गेली असेल, तर कॅपच करा, वर्ष कशाला घालवायचं. बेरीज 135 ते 150 मध्ये अडकली असेल आणि मॅथ्स पन्नाशीच्या आत, तर मी डिप्लोमाकडे झुकेन. दोन्ही फॉर्म मात्र भरून ठेवा. प्रक्रिया वेगवेगळ्या आहेत, एकीने दुसरी अडत नाही. अडते ती टीसी. मूळ टीसी एकच असते, आणि डिप्लोमाला जमा केली की प्रवेश रद्द करून ती परत मिळेपर्यंत कॅपची रिपोर्टिंगची मुदत निघून जाऊ शकते. कॅपच्या दुसऱ्या फेरीचा निकाल कधी आहे ते बघून मगच मूळ कागद द्या, आणि देण्याआधी प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स साक्षांकित करून घ्या.