पिटुनिया की कॅलिब्रॅकोआ?

घोडबंदर रोडच्या नर्सरीत छोट्या फुलांच्या कॅलिब्रॅकोआला कुणी 'मिनी पिटुनिया' म्हटलं, तर नवल नाही. दोन्ही फुलझाडं वांगी-बटाट्याच्या कुळातलीच. पण प्रजाती (genus) वेगळ्या: पिटुनियात गुणसूत्रं १४, कॅलिब्रॅकोआत १८, त्यामुळे त्यांचा संकर सहजी जमत नाही. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युस्यूने पिटुनिया प्रजाती १८०३ मध्ये मांडली. कॅलिब्रॅकोआ हे नाव १८२५चं, मेक्सिकोचे वनस्पतिशास्त्रज्ञ काल इ ब्राचो यांच्यावरून. तरी तिच्या कित्येक जाती पिटुनियातच मोजल्या जात. १९८०च्या दशकात गुणसूत्रांनी निकाल लावला. कुंडीतली पिटुनिया तरी कुठे शुद्ध जात आहे? पांढरी ॲक्सिलारिस आणि जांभळी इंटेग्रिफोलिया या दोन रानटी जातींचा तो संकर. ठाण्याच्या बाल्कनीत मी पिटुनियाच घेईन. ती बियांपासूनही सहज होते. पावसाळ्यात मात्र दोन्ही नकोत.