नाशिकच्या गंगापूर रोडचं वास ओळखायचं सेशन : भारी, पण किचनचं बघा राव

वायनरीत नुसती वाईन चाखवतात असं वाटत असेल तर हे सेशन करून बघाच, वासांच्या छोट्या बाटल्या असतात, त्यात कागदाची पट्टी बुडवायची नि हुंगायची. शिराझ या रेड वाईनमध्ये काळ्या मिऱ्याचा जो वास येतो तो रोटंडोन नावाच्या रसायनाचा, ती पट्टी मला थेट मिरपूड आणि बायको म्हणते नुसता कागदच की! पण तिचं नाक बिघडलेलं नाहीये, साधारण पाचातल्या एकाला हा वास कळतच नाही.

शिकवणारा पोरगा एक नंबर. म्हणे नाकात जवळपास 400 प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे वास पकडणारी प्रथिनं, आणि 2009 मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीवाल्यांनी माणसाचे नि उंदराचे मिळून 464 रिसेप्टर पेशींमध्ये बसवून त्यांच्यावर 93 वास तपासले, एवढा खटाटोप करून माणसाच्या फक्त 10 रिसेप्टरचे जोडीदार वास सापडले. बाकीच्यांचं काय, देव जाणे.

आता तक्रार. हॉलला लागूनच किचन, ऐन रंगात लसणाची फोडणी पडली, मग कसली मिरी नि कसलं काय! तिकीटही जरा जास्तच आहे. विकेंडला मुंबईकरांची झुंबड असते, मधल्या वारी जा, आणि सर्दी असेल तर बुकिंगच करू नका.