पंचायतीत काम करायचंय? बी.ए. की बीएसडब्ल्यू: कोकणातल्या बारावी झालेल्यांसाठी

‘बीडीओ व्हायचं तर कुठली पदवी घेऊ?’ या प्रश्नाचं खरं उत्तर एका शब्दाचं आहे: कुठलीही. गटविकास अधिकारी (म्हणजेच बीडीओ), सहायक गटविकास अधिकारी, नगरपरिषदेचा मुख्याधिकारी ही पदं एमपीएससीच्या राज्यसेवेतून भरली जातात आणि तिथे कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. (सरपंचपदासाठी तर १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सातवी पास पुरते. ज्याच्या सहीशिवाय गावाचा चेक वटत नाही त्याला सातवी, आणि त्याच्या ठरावावर शेरा मारणाऱ्याला पदवी. असो.)

तेव्हा पदवीमुळे दार उघडतं की नाही, यावर फार डोकं खाजवू नका. तीन-चार वर्षं काय शिकायचं, घरून किती पैसे जायचे आणि परीक्षा नाही निघाली तर हातात काय उरतं, या तीन गोष्टींवर निवड करा. माझं नोकरीचं आयुष्य पंचायत समितीत गेलं, त्यामुळे पुढचं सगळं टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेलं आहे.

कोकणातल्या मुलापुढे खऱ्या अर्थाने दोनच वाटा असतात. पहिली म्हणजे राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन घेऊन बी.ए., दुसरी म्हणजे बीएसडब्ल्यू, अर्थात समाजकार्याची पदवी. बाकीच्या वाटांकडे शेवटी येतो.

एकच गोष्ट, दोन वाचनं

दोन्हींतला फरक अभ्यासक्रमाच्या पत्रकापेक्षा महाडच्या चवदार तळ्यावरून लवकर कळतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद तयार होता, पण तळ्याचं पाणी अस्पृश्यांना मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला, पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला आणि वाद उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत चालला.

बी.ए.चा विद्यार्थी इथे विचारतो: नगरपालिकेला हा अधिकार कुठल्या कायद्याने होता? ठराव रद्द करता येतो का? अंमलबजावणीची जबाबदारी कोणाची? बीएसडब्ल्यूचा विद्यार्थी विचारतो: पाणी भरायला जाणाऱ्याला अडवत कोण होतं, लोक एकत्र कसे आले, दुसऱ्या दिवशी गावात त्यांचं काय झालं? दोन्ही प्रश्न खरे आहेत. तालुक्याच्या आमसभेत आजही कोणीतरी उठून म्हणतोच, ‘सायबानू, ठराव झालो, पण पाणी खंय आसा?’ त्याला उत्तर द्यायला दोन्ही वाचनं लागतात, आणि दोन्ही एकाच पदवीत पुरेशी मिळत नाहीत.

बी.ए. काय देते

सांगाडा देते, आणि तो पक्का देते. १८८२ चा लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव, १९५७ ची बलवंतराय मेहता समिती, महाराष्ट्रातली वसंतराव नाईक समिती, तिच्यावरून झालेला १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा आणि १ मे १९६२ ला सुरू झालेल्या जिल्हा परिषदा. मग १९९३ मध्ये लागू झालेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्या, घटनेच्या अकराव्या अनुसूचीतले पंचायतींचे २९ विषय, बाराव्या अनुसूचीतले नगरपालिकांचे १८. जोडीला समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची नोकरशाही आणि १८८७ चा वुड्रो विल्सनचा प्रशासनावरचा निबंध. हा निबंध वाडीतल्या नळपाणी योजनेला कसा लागू पडतो ते मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही, पण परीक्षेत तो येतो.

या सांगाड्याचा उपयोग दिसतो तो हद्दीवर. दापोली, गुहागर, लांजा, देवरुख, कुडाळ ही गावं नगरपंचायती झाली, म्हणजे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातून उठून १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात गेली. ग्रामसभा गेली, कराची पद्धत बदलली, बांधकाम परवानगी देणारा बदलला. लोक मात्र जुन्याच दाराशी अर्ज घेऊन उभे. किनाऱ्याच्या गावात याच्या भरीला सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध, येतं: घर पंचायतीच्या हद्दीत, पण भरतीरेषेपासूनचं अंतर दुसराच नियम ठरवणार. पालघरात जव्हार, मोखाडा, तलासरीसारख्या तालुक्यांना १९९६ चा पेसा कायदा (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा) लागू, तिथे पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते आणि आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी थेट पंचायतीला मिळतो. रायगड अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे तिथल्या कातकरी वाडीला यातलं काही नाही. शेजारशेजारचे जिल्हे, माणसं तशीच, कायदा वेगळा. हे ज्याला पहिल्या दिवशी कळतं तो अधिकारी पुढे कमी चुकतो.

बी.ए.चा दुसरा फायदा परीक्षेचा. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिच्यात वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, ५०० गुणांचे. लोकप्रशासन आणि राज्यशास्त्र दोन्ही त्या यादीत आहेत. समाजकार्य नाही. तीन वर्षं जे वाचलं तेच पुन्हा परीक्षेला लिहायचं, ही सोय लहान नाही.

उणीव सांगायची तर बी.ए. झालेल्या मुलाला ‘पंचायतीची कार्ये लिहा’ येतं, पण नमुना ८ समोर ठेवला तर तो सातबाऱ्याचा ८-अ समजतो. पहिली ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही, जिच्या उताऱ्याला आपल्याकडे सरसकट ‘असेसमेंट’ म्हणतात. दुसरा तलाठ्याकडचा महसुली उतारा. कर्जाच्या फायली या एका गोंधळामुळे महिनोन्‌महिने फिरतात. तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता यांत आधी काय, एमबी (कामाच्या मोजमापाचं पुस्तक) कोण भरतो, सेसचा (उपकराचा) पैसा आणि वित्त आयोगाचा पैसा वेगळा का ठेवायचा, यातलं वर्गात फार थोडं येतं.

बीएसडब्ल्यू काय देते

आठवड्यातले साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य. या पदवीचा जीव त्यातच आहे. संस्थेत, वस्तीत, दवाखान्यात, पंचायतीत जायचं, माणसांशी बोलायचं, अहवाल लिहायचा आणि शिक्षकापुढे त्याचा जाब द्यायचा. विशीच्या मुलाला परक्या घराच्या ओटीवर बसून दारूबद्दल किंवा जमिनीच्या वाटणीबद्दल विचारायला शिकवणं सोपं नाही, आणि ते दुसरी कुठलीच पदवी शिकवत नाही.

कोकणात हे किती लागतं ते आपत्तीत दिसलं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या बागा झोपवल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवसांत महाडच्या तळीये गावावर दरड कोसळली. २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. पंचनामा कसा करायचा याचं परिपत्रक असतं. पण नारळी-पोफळीची वाडी तीन भावांच्या सामाईक नावावर, दोघे मुंबईत, भरपाई कोणाच्या खात्यात, आणि जागेवर राहणारी विधवा भावजय कागदावर कुठेच नाही, हे परिपत्रकात नसतं. पुनर्वसनाची नवी जागा लोक का नाकारतात तेही नसतं. तिथे बीएसडब्ल्यू झालेली मुलं कामाची ठरतात.

आता नोकरीचा एक मुद्दा, जो फार थोड्यांना माहीत असतो. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं २०२४ मध्ये ‘ग्रामपंचायत अधिकारी’ या एका नावाखाली आली (गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात). २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत या पदासाठी बारावीला किमान ६० टक्के हवे होते, किंवा अभियांत्रिकी पदविका, किंवा कृषी पदविका, किंवा बीएसडब्ल्यू. बी.ए. त्या यादीत नव्हती. म्हणजे त्या अटींप्रमाणे बारावीला ५४ टक्के मिळालेल्या मुलाने बी.ए. कितीही चांगली केली तरी हे दार बंद, आणि बीएसडब्ल्यू केली तर उघडं. अटी बदलतात, जाहिरात आली की ती स्वतः वाचा. पण आज निवड करताना हा हिशोब डोळ्यांसमोर असू द्या. सुरुवातीची तीन वर्षं कंत्राटी मानधनावर काढायची असतात, हेही घरी सांगून ठेवा.

बीएसडब्ल्यूची दुखरी बाजू पैशाची. बी.ए.साठी अलिबाग, चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडी इथे कला शाखेची जुनी, नांदती कॉलेजं आहेत. एसटीच्या पासावर पदवी होते. बीएसडब्ल्यूसाठी दक्षिण कोकणातल्या बहुतेकांना मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. मुंबईत निर्मला निकेतनसारखं १९५५ पासूनचं नावाजलेलं समाजकार्य महाविद्यालय आहे, पण खोलीभाडं आणि खाणावळ फीपेक्षा जड पडते. काकाकडे डोंबिवलीला राहून होईल असं घरचे म्हणतात. क्षेत्रकार्याचे दिवस आणि लोकलची गर्दी धरून हिशोब करा, मग ठरवा. शिवाय समाजकार्यात बऱ्या पगाराच्या जागा एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, मिळतात. दवाखान्यातली समाजसेवा अधीक्षकाची जागा घ्या किंवा कंपनीच्या सीएसआर (सामाजिक कामाच्या) विभागातली. नुसत्या बीएसडब्ल्यूवर फार तर प्रकल्प समन्वयकाच्या हाताखालचं काम. म्हणून हा तीन वर्षांचा नाही, पाच वर्षांचा खर्च समजा.

बी.ए.ची उणीव भरून काढता येते

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक (क्रेडिट) आले आहेत. तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं केलं तर ऑनर्स. बरीच मुलं हा प्रोजेक्ट इंटरनेटवरून उतरवून जमा करतात. ते करू नका, कारण बीएसडब्ल्यूच्या मुलाला जे बाहेर जाऊन मिळतं ते तुम्हाला याच श्रेयांकांत गावात बसून मिळू शकतं.

आपल्याच ग्रामपंचायतीत जा. नमुना ८ वर किती घरं आहेत, त्यांतली किती बंद आहेत, बंद घरांची घरपट्टी कधी जमा होते ते पाहा. गणपतीत चाकरमानी आले की वसुली कशी फुगते ते आकड्यांत दिसेल. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. तुमच्या गावाच्या आराखड्यात तो कशावर पडला ते ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर मिळतं, आणि मग त्या वाडीत जाऊन टाकी खरंच आहे का ते पाहायचं. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. त्यांतल्या एकीला बसा आणि प्रोसिडिंग बुकात काय लिहिलं जातं ते प्रत्यक्ष बोलण्याशी ताडून बघा. शहरी बाजू हवी असेल तर वेंगुर्ल्याला जा; कचरा वर्गीकरणासाठी राज्यभर नाव झालेली ती छोटी नगरपरिषद आहे. ग्रामसेवकाला अशी मुलं आधी त्रासाची वाटतात. त्याची वसुलीची यादी लिहून दिलीत की मग चहा येतो.

बाकीच्या वाटा, थोडक्यात

घरची होडी, आंब्याची बाग किंवा होमस्टे सांभाळून शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची बी.ए. आहे, लोकप्रशासन विषयासह आणि मराठीतून. इग्नूची लोकप्रशासनातली बी.ए. हिंदी-इंग्रजीतून, आणि बीएसडब्ल्यूही आहे, क्षेत्रकार्याच्या अटीसह. एमपीएससीला या पदव्या चालतात. पुस्तकं चांगली असतात. वाचायला कोणी बसवत नाही, एवढंच. बारावीनंतर दोन वर्षं घरी राहिलेल्या, लग्न ठरत आलेल्या मुलींनी याच मार्गाने पदवी पूर्ण करावी असं मी आवर्जून सांगतो. २०११ पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत आणि शिकलेल्या सदस्य कमी पडतात.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बी.एस्सी. ॲग्री ही चांगली पदवी आहे, पण ती सीईटी देऊन, शेतीसाठी घ्यावी. पंचायतीत शिरायचं साधन म्हणून नव्हे. मुंबईत १९२६ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेची एलएसजीडी पदविका नगरपरिषदेत लागलेल्यांनी नोकरी करता करता करायची. पदवीऐवजी ती घेऊ नका.

मी काय सांगेन

बारावीला ६० च्या वर असाल, राज्यसेवेचा विचार असेल आणि घराजवळ कॉलेज असेल, तर बी.ए. घ्या आणि वर सांगितलेला प्रोजेक्ट मनापासून करा. वाचलेल्या खोलीभाड्यात मुख्य परीक्षेच्या तयारीचं एक वर्ष निघतं.

६० च्या खाली असाल, किंवा परीक्षेपेक्षा माणसांत काम करण्याची ओढ खरी असेल, तर बीएसडब्ल्यू. पण पुढची एमएसडब्ल्यूची दोन वर्षं धरून घरात बोलणं झाल्याशिवाय प्रवेश घेऊ नका.

दोन्हीकडे फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात एक गोष्ट विचारा. बी.ए. असेल तर लोकप्रशासन किंवा राज्यशास्त्र तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर (मुख्य विषय) म्हणून चालू राहतं का, की मुलं कमी पडली तर बंद करून इतिहासात बसवतात. बीएसडब्ल्यू असेल तर क्षेत्रकार्यासाठी गेल्या वर्षी मुलांना कुठल्या संस्थांत पाठवलं होतं, त्यांची नावं. उत्तर द्यायला ऑफिस टाळाटाळ करत असेल तर त्याच विषयाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा.