नळी निघाल्यावर येणारा फोन

दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, नळी निघाली, धार सुटली. पण रात्री चार-पाचदा उठणं, अचानक घाई, संडासापर्यंत पोचेस्तोवर कपड्यात दोन थेंब, हे चालूच. मग मोबाईलवर एखाद्या जाहिरातीत नंबर भरला जातो आणि तासाभरात 'वैद्यजीं'चा फोन येतो.

ते आधी रिपोर्ट मागवतात. लघवीत पस सेल्स (पूमधल्या पांढऱ्या पेशी) 20-25 दिसले की "आत पू झालाय, किडनी जाईल." खरवडलेली जागा भरून येईपर्यंत, साधारण 6 ते 12 आठवडे, पस सेल्स दिसू शकतात, जंतू आहेत का ते कल्चरवरून, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहणाऱ्या तपासणीवरून, कळतं. दुसरं भेडसावणं सोनोग्राफीचं. भरपूर पाणी पाजून, लघवीची पिशवी फुटेस्तोवर थांबवून मग लघवीला पाठवलं, तर पिशवीत उरलेली लघवी खोटी जास्त दिसते. नेहमीसारखी लागली की जाऊन या आणि लगेच मोजून घ्या.

पुढे चूर्ण, तीन महिन्यांचं, 'गाठ मुळासकट विरघळवणारं'. अहो, गाठीचे तुकडे केव्हाच पॅथॉलॉजीत गेले! पण तीन महिने हा आकडा मुरलेल्या माणसाने निवडलाय. जळजळ आणि घाई बहुतेकांची तेवढ्यात आपोआप उतरते, श्रेय चूर्णाला जातं. ज्यांची उतरत नाही त्यांना "दोष जुना आहे" म्हणत पुढचा कोर्स.

खरं नुकसान याच लोकांचं. धार पुन्हा बारीक होत असेल तर मूत्रमार्ग किंवा पिशवीचं तोंड व्रणाने आवळलं असू शकतं; व्रण चूर्णाने सैल होत नाही. युरोफ्लो, म्हणजे धारेचा वेग मोजणारी तपासणी, करा, 150 मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर तो आलेख धरू नका. धार चांगली आणि घाईच उरली असेल, तर वर्षानुवर्षं जोर लावून पिशवीचा स्नायू चिडका झालेला असतो. तीन दिवस वेळ आणि मिली लिहून काढा, संध्याकाळचा चहा कमी करा, दोन खेपांमधलं अंतर 15-15 मिनिटांनी वाढवा. तरी भागलं नाही तर पिशवी शांत करणारी सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉनची गोळी, पण उरलेली लघवी आणि बीपी पाहून, डॉक्टरांच्या हातून. शेजाऱ्याची गोळी घेतली आणि लघवी तुंबली, असंही होतं. गुठळ्या, थंडी वाजून ताप किंवा लघवी बंद, तर त्याच दिवशी दवाखाना.

"इंग्रजी गोळ्या सगळ्या बंद करा" असं फोनवर ऐकू आलं की फोन ठेवा. त्यात बीपीच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्याही येतात. पाकिटावर परवाना क्रमांक, बॅच नंबर नसेल तर चमचाभरही नको. असल्या चूर्णात स्टेरॉईड मिसळलेलं असू शकतं. त्याने साखर वाढते आणि लघवीच्या खेपा आणखी वाढतात.

प्रोस्टेटचे विकार बरे करण्याची जाहिरात 1954 च्या जादुई उपचारांविरुद्धच्या कायद्याने निषिद्ध आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. पाकीट आणि कुरियरची पावती तोवर फेकू नका.