दात दाखवायला गेलो, आधी बोट टोचलं

दादरच्या या दातांच्या क्लिनिकला पाचपैकी चार स्टार देतोय. पाचवा का कापला ते खाली लिहिलंय, शुगरवाल्यांनी तेवढं तरी वाचा.

मी 54 वर्षांचा, परळला राहतो, नऊ वर्षं झाली टाइप 2 डायबेटिस आहे. सहा-आठ महिने ब्रश करताना बेसिनमध्ये रक्त दिसायचं, मग मी ब्रश बदलला, पेस्ट बदलली, शेवटी बेसिनकडे बघणंच बंद केलं. बायको म्हणायची अहो तोंडाला वास येतोय, मी म्हणायचो कांदा खाल्लाय. पण खालचे पुढचे दोन दात जिभेने ढकलले की हलायला लागले तेव्हा मात्र फाटली. आधी घराजवळच एका ठिकाणी गेलो, नाव नको, तिथे दहा मिनिटांत दोन दात काढा आणि इम्प्लांट बसवा म्हणून पॅकेजच हातात ठेवलं, ईएमआयसकट, शुगर आहे का एवढं पण कोणी विचारलं नाही. मग ऑफिसातल्या एकाने हे क्लिनिक सांगितलं. दादर वेस्ट, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं, जुन्या बिल्डिंगचा दुसरा मजला, जाळीच्या दाराची लिफ्ट आहे पण तिचा भरवसा नाही आणि पार्किंगचं तर नावच काढू नका.

फॉर्मवर डायबेटिसला टिक केली तर असिस्टंट मुलगी लगेच ग्लुकोमीटर घेऊन हजर. म्हटलं ताई मी दात दाखवायला आलोय. म्हणे माहितेय काका, बोट द्या. (काका नसतं म्हटलं तरी चाललं असतं.) आकडा आला 291! मी उडालोच, घरी रोज सकाळी उपाशीपोटी 125-135 येतं माझं. तिने शांतपणे विचारलं, हात धुतलेत का? मंगळवार होता, सिद्धिविनायक करून आलेलो आणि प्रसादाचा लाडू त्याच बोटांनी खाल्लेला. साबणाने हात धुवायला लावले, नीट कोरडे करायला लावले आणि दुसऱ्या बोटावर परत घेतलं तर 218. म्हणजे बोटाला चिकटलेल्या साखरेनेच सत्तरेक वाढवले होते. पण 218 तरी कुठे शोभेचे होते.

डॉक्टर मॅडमनी तोंड उघडायला सांगायच्या आधी विचारलं, जेवणानंतर दोन तासांनी कधी बघता? कधीच नाही. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) शेवटचं कधी केलं? आठवावं लागलं, दीडेक वर्ष झालं असेल. मग म्हणाल्या, सकाळचा एकच आकडा बघून तुम्ही खूश आहात, दिवसभर काय चाललंय ते कुठे बघताय. च्यायला नऊ वर्षांत हे इतक्या सरळ कोणी बोललं नव्हतं. त्यात माझ्या घरच्या ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपची बाटली ओट्याच्या वरच्या फळीवर, झाकण अर्धवट लागलेलं आणि जुलै महिना! स्ट्रिपला दमट हवा लागली की आकडे चुकतात हे डबीवर छापलेलं असतं, वाचतं कोण. लॅबमध्ये एचबीएवनसी केलं तर 9.1 आलं, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी जवळपास 214. मला सकाळचं 130 दिसायचं आणि मी आरामात साबुदाण्याची खिचडी हाणत होतो.

मग हिरड्या. एक बारीक खुणा केलेली सळई प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीखाली घालून त्या आकडे बोलत गेल्या आणि असिस्टंट लिहीत गेली, तीन, दोन, तीन, पाच, सहा, पाच. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दातापासून सुटून मध्ये खिसा झालेला असतो, त्याला पॉकेट म्हणतात, तिथे ब्रश पोचतच नाही. खालच्या पुढच्या दातांना सहा-सहा होते. मग मला समजेल असं सांगितलं, की शुगर वाढलेली राहिली की शरीर इन्फेक्शनशी नीट लढत नाही आणि जखम लवकर भरत नाही म्हणून हिरड्या बिघडतात, लाळ कमी होऊन तोंड कोरडं पडतं ते वेगळंच, आणि उलट हिरड्यांना सतत सूज असली की इन्सुलिनचं काम बिघडतं, म्हणजे शुगर अजून वर. हॅराल्ड लोए म्हणून एका संशोधकाने 1993 मध्येच हिरड्यांच्या आजाराला डायबेटिसचं सहावं कॉम्प्लिकेशन म्हटलंय म्हणे. आणि मी दरवर्षी डोळे तपासतो, किडनीची टेस्ट करतो, पायांची बोटं बघतो, तोंडाचं एकदाही डोक्यात आलं नाही.

दात काढले नाहीत हे मुद्दाम लिहितोय. साधं क्लीनिंग केलं आणि फिजिशियनला चिठ्ठी दिली की आधी शुगर बघा. त्यांनी गोळ्या बदलल्या, मग इथे हिरडी बधिर करून चार सीटिंगमध्ये डीप क्लीनिंग, म्हणजे हिरडीखालची सफाई झाली. दुखलं थोडं, पण खरा त्रास दुसऱ्या दिवशी थंड पाणी पिताना. क्लीनिंगने दात हलतात, फटी पडतात असं आमच्या घरात सगळे म्हणतात, तर फट दिसली माझ्याही दातांत, पण तिथे आधी कीटण भरलेलं होतं. ते निघालं तर जागा दिसणारच ना. दोन दातांच्या मधला बारीक ब्रश वापरायचा कसा ते आरसा हातात देऊन माझ्याकडून तीनदा करून घेतलं, शाळेत पाढे घोकवतात तसं.

आता तो कापलेला स्टार. तिसरं सीटिंग दुपारी एकचं होतं, मी सकाळची गोळी घेतलेली, नाश्ता साडेआठला, म्हटलं दोनपर्यंत मोकळं होऊन जेवू. सव्वादोन झाले तरी नंबर नाही, रिसेप्शनवर दोनदा विचारलं तर बस पाच मिनिटं काका. मग घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरच्या भिंतीवरचा दातांचा चार्ट पण नीट वाचता येईना. असिस्टंटच्या लक्षात आलं म्हणून बरं, टोचून बघितलं तर शुगर फारच खाली, 66. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तेव्हा 92, आणि त्या दिवशी काहीही न करता मला जेवायला पाठवलं. डॉक्टरांनी स्वतः सॉरी म्हटलं आणि तेव्हापासून मला सकाळची पहिली वेळ देतात, खाऊन आणि गोळी घेऊन यायचं. पण हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, जे क्लिनिक शुगरबद्दल एवढं बोलतं त्यांना शुगरच्या पेशंटला दुपारी बसवून ठेवायचं नाही हे कळू नये? रिसेप्शन सुधारा प्लीज.

पैशाचं सांगतो. क्लीनिंगचे 1200, डीप क्लीनिंग प्रत्येक सीटिंगचे 2500, सगळं आधी कागदावर लिहून दिलं आणि तेवढेच घेतले. माझ्या मेडिक्लेममध्ये दाताचं बसत नाही. झेपणार नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल किंवा सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज आहे हे मॅडमनीच सांगितलं, फक्त वेळ काढून जा म्हणाल्या. प्रायव्हेटवाला असं सांगतो हेच मला विशेष वाटलं.

साडेतीन महिन्यांनी एचबीएवनसी 7.8 आलं. मी पेढे घेऊन गेलो (हो, पेढेच, त्यांच्या स्टाफला) आणि म्हटलं तुमच्या क्लीनिंगने कमाल केली. तर म्हणाल्या कमाल बिमाल काही नाही, हिरड्यांच्या ट्रीटमेंटने सरासरी 0.4 च्या आसपास फरक पडतो, बाकी नवीन गोळ्या आणि तुम्ही जेवणानंतर बघायला लागलात त्याचा. सहाचे पॉकेट चारवर आलेत, रक्त बंद झालंय. दोनपैकी एक दात अजून थोडा हलतो, तो टिकेल की नाही ते पुढच्या चेकअपला सांगणार आहेत. तिथे आता बायको पण येणार आहे, तिला शुगर नाही पण तिचं म्हणणं, तुमच्या दातांवर एवढे गेले तर बाराशे माझ्यावर पण होऊ द्या.